तिसऱ्या पुलानंतरची चार मिनिटं

बोटीवर त्याला सगळे भोंगा म्हणत. आवाजामुळे म्हणावं, तर आवाज अगदी मऊ होता, शेजारी शिडी मागायला आलेल्या माणसासारखा. नाव पडलं ते त्याच्या डोक्यावर टांगलेल्या कर्ण्यावरून. नदीतून शहर दाखवणाऱ्या बोटीवर हातात माइक धरून उभं राहायचं आणि दोन्ही काठांची माहिती सांगायची, हे त्याचं काम. पंचावन्न मिनिटांची एक फेरी, दिवसाला सात फेऱ्या, आणि हे गेली बावीस वर्षं.

माहिती सांगणाऱ्याला प्रवाशांकडे तोंड करून उभं राहावं लागतं. म्हणजे बोट पुढे जाते आणि हा मागे बघत असतो. बावीस वर्षांत भोंग्याने शहरातली एकही इमारत येताना पाहिली नव्हती, सगळ्या जातानाच पाहिल्या होत्या. पहिला पूल इतका बुटका की डोकं वाकवावं लागे, तेही तो वळून न बघता, वाक्याच्या मधल्या स्वल्पविरामाला वाकवायचा. शिवाय प्रवाशांचं डावं ते त्याचं उजवं. ही सवय घरीही गेली नव्हती. मीठ डावीकडे आहे असं तो म्हणाला, की बायको उजवीकडे हात घालायची आणि मीठ सापडायचं. त्यांचा संसार असा उलटसुलट पण सुरळीत चालला होता.

आता फेरीचं गणित असं, की पहिल्या तीन पुलांपर्यंत दाखवण्यासारखं भरपूर. जुनी गिरणी आहे, तुरुंग आहे, नाट्यगृह आहे, एका गर्भश्रीमंताचं घर आहे. चौथ्या पुलानंतर नगरपालिकेचं घड्याळ, आणि त्यावरचा भोंग्याचा ठेवणीतला विनोद. पण तिसऱ्या आणि चौथ्या पुलाच्या मध्ये नदी एक मोठं वळण घेते आणि तिथे चार मिनिटं काहीही नाही. राहती घरं, दोरीवरचे कपडे, बोटी दुरुस्त करायची एक पडवी, पुन्हा राहती घरं. चार मिनिटं माइक गप्प राहिला तर प्रवासी डबे उघडतात. एकाने डबा उघडला की पोरं रडतात, पोरं रडली की नवरा-बायको एकमेकांना काहीतरी सुनावतात, आणि मग घड्याळाचं कुणाला काही वाटेनासं होतं.

म्हणून नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी भोंग्याने त्या वळणावरचं एक पिवळं घर निवडलं, त्याच्या दुसऱ्या मजल्यावरची खिडकी निवडली, आणि तिच्यात एक बाई बसवली. जहाजावरच्या एका सुतारावर तिचं प्रेम. तो ‘येतो’ म्हणून गेला तो गेलाच. दहा वर्षं झाली, बाई अजून खिडकीत वाट बघते आहे. गोष्ट बरोबर चार मिनिटांची होती. बायका डोळे पुसायच्या आणि आपापल्या नवऱ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघायच्या. वळण संपताना हमखास कुणीतरी त्या खिडकीला हात करायचं. पुढे दर वर्षी भोंगा इमानदारीने एकेक वर्ष वाढवत गेला. आता ती बाई तीस वर्षं वाट बघत होती.

एका सोमवारी ती बाई धक्क्यावर आली.

सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, हातात कापडी पिशवी. तिने सरळ विचारलं, “तो भोंगेवाला तूच का?” ती कुणालाच अहो-जाहो करत नसे. जन्मताना पाहिलेल्या माणसांना कसलं अहो, असा तिचा साधा हिशेब होता, हे भोंग्याला पुढे कळलं. तूर्त एवढंच कळलं, की पिवळ्या घरात दुसऱ्या मजल्यावर ती राहते, लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली आहेत, आणि नवरा धडधाकट घरात आहे. ही गोष्ट तिच्या कानावर अधूनमधून येत होती. पण नवऱ्याला पंधरा वर्षं ऐकूच येत नव्हतं, त्यामुळे तिने हसण्यावारी नेली होती. गेल्या महिन्यात जावयाने सासऱ्यांना कानाचं यंत्र बसवून आणलं. यंत्र लावून म्हातारा खिडकीत बसला, आणि पंधरा वर्षांनंतर त्याने स्पष्ट ऐकलेली पहिली गोष्ट म्हणजे आपली बायको तीस वर्षं एका सुताराची वाट बघते आहे.

दिवसभर तो खिडकीतून हलला नाही. जेवताना म्हणाला, कोण हा सुतार? तिने सांगितलं, बोटीवाल्यांचं काहीतरी थोतांड आहे. तर म्हातारा म्हणाला, थोतांड कसं, सात वेळा सांगितलं त्याने, एकदाही अडखळला नाही. तेव्हापासून तो नीट बोलत नव्हता.

भोंग्याचा चेहरा पडला. तो माफी मागायला लागला, तर बाईने हात वर केला.

“नवऱ्याचं माझं मी बघेन. पण मी आणि वाट बघणारी? पस्तीस वर्षं सुईण होते मी या काठावर. लोक दारात उभे राहून माझी वाट बघायचे. मी जन्मात कुणासाठी थांबलेले नाही.”

पिशवीत कंपनीच्या साहेबाच्या नावाने लिहिलेलं पत्र होतं. ते तिने दाखवलं आणि परत ठेवलं. शनिवारी दुपारच्या तीनच्या फेरीला ती नवऱ्याला घेऊन बसणार होती. त्या चार मिनिटांत खरं तेवढं सांगायचं. नाहीतर पत्र साहेबाच्या टेबलावर.

आदल्याच वर्षी दुसऱ्या बोटीवरच्या माहितीवाल्याने नदीत एका राणीला आंघोळ घातली होती. नेमका त्या दिवशी बोटीत इतिहासाचा प्राध्यापक निघाला. त्या गृहस्थाला साहेबाने तिकिटाच्या खिडकीत बसवलं. एकेकाळी तीन राजघराणी तोंडपाठ असलेला माणूस आता दिवसभर ‘पुढे सरका’ एवढंच म्हणत होता. आपल्यालाही असं जमिनीवर आणलं तर काय, या विचाराने भोंग्याला जेवण गोड लागेना. बायकोला त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, बाईचं बरोबर आहे. थोड्या वेळाने तिला वाटलं असावं की नवऱ्याच्या बाजूनेही काहीतरी बोलायला हवं, म्हणून म्हणाली, “चुकलं तुझं, पण सांगायचास छान.”

बुधवारी त्याची सुट्टी होती. तो वही घेऊन पिवळ्या घरी गेला. दोन खोल्या, झाडून लख्ख. दाराच्या मागे तिची कामाची पिशवी अजून टांगलेली होती. बाळांचं वजन करायच्या काट्यात लोकरीचे गुंडे ठेवलेले होते. म्हातारा खिडकीत बसला होता. भोंग्याचा आवाज कानी पडताच त्याने मान वळवून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, हा सुतार तर नसेल, अशा नजरेने.

भोंग्याने पेन सरसावलं आणि म्हणाला, तुमच्या कामाचं सांगा.

“त्यात काय सांगायचं? बोलावलं, गेले. बाळ झालं, हात धुतले, घरी आले.”

एखादं अवघड बाळंतपण असेल ना?

“होतं एक. मग सुटली.”

तासभर बसून एवढंच हाती लागलं. घरी येऊन त्याने ते नीट लिहून काढलं आणि घड्याळ लावून बायकोला वाचून दाखवलं. चाळीस सेकंद. बायको म्हणाली, छान आहे, आणि पुढे? तीच तर अडचण होती. खोटं हवं तेवढं लांबतं, खरं फार आटोपशीर निघतं. मग त्याने रात्री बसून जरा हात मोकळा सोडला. थोडं वादळ घातलं, थोडा कंदील, हेलकावे खाणाऱ्या होडीत उभी असलेली तरुण सुईण. तीन मिनिटं पन्नास सेकंद. शुक्रवारी तो कागद घेऊन गेला, तर बाईने चष्मा लावून शिसपेन्सिल काढली. वादळ नव्हतं, खोडलं. कंदील कशाला, भर दुपारची गोष्ट, खोडलं. होडीत उभं राहायला मी काय वेडी होते, खोडलं. उरले पस्तीस सेकंद, कारण मूळच्या चाळिसांतलंही एक वाक्य तिला फुगवलेलं वाटलं.

शनिवारी तीनच्या फेरीला दोघं पहिल्या रांगेत येऊन बसली. तिच्या मांडीवर पिशवी. शेजारी म्हातारा, ठेवणीतला कोट घालून. सुकाणूवर बसलेल्या कप्तानाने तिला पाहून टोपी काढली. उकडत असेल, असं भोंग्याला वाटलं. त्यांच्या मागे एक गृहस्थ बसले होते, ते बोट सुटल्यापासून आजूबाजूच्यांना सांगत होते की आपण अकरा शहरांमधल्या नद्यांमधून अशा बोटीने फिरलो आहोत आणि सगळीकडे तेच ते असतं. एक पूल, एक घड्याळ, एका श्रीमंताचं घर.

गिरणी गेली, तुरुंग गेला. भोंग्याच्या तोंडून सगळं सवयीने येत होतं, पण तळव्याला घाम सुटून माइक निसटत होता. तिसरा पूल डोक्यावरून गेला आणि वळण लागलं.

तो म्हणाला, की त्या पिवळ्या घरात एक सुईण राहते. पस्तीस वर्षं तिने या काठावरच्या बायकांची सुटका केली, साधारण तीन हजार बाळांना जगात आणलं. कुठेही उशिरा पोचली नाही. आता ती निवृत्त आहे.

झालं.

माइकमधून नुसती खरखर यायला लागली. भोंगा प्रवाशांकडे बघत होता आणि प्रवासी भोंग्याकडे. मागच्या रांगेत डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. एक पोर कुरकुरलं. त्याच्या डोळ्यांसमोर तिकिटाची खिडकी उभी राहिली, जाळीसकट.

तेवढ्यात अकरा नद्यांचे गृहस्थ म्हणाले, “तीन हजार? मोजली कुणी?”

“मी,” पहिल्या रांगेतून आवाज आला. “दोन हजार आठशे चौदा. साधारण कशाला म्हणतोस रे? कागदावर होतं तसं नीट सांगावं.”

बाई उठून उभी राहिली होती. भोंग्याने काही विचार न करता माइक तिच्या हातात दिला, ज्याची वस्तू त्याला द्यावी तसा. आता तो मोकळाच होता, म्हणून बावीस वर्षांत पहिल्यांदा वळून पुढे बघत उभा राहिला.

तिला माइकची सवय नव्हती. ती त्यात खोलीतल्या माणसाशी बोलावं तशी बोलत होती. “ते निळं दार दिसतंय? तिथली मुलगी पायाळू. आता बँकेत असते, हसतच नाही. ती गच्ची, तिथे जुळे. दुसरा आहे हे आईला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. बापाने एकच टोपडं आणलेलं, मग त्याची टोपी घातली दुसऱ्याला. ही पडवी. बाई नवऱ्याला डबा द्यायला आली होती, इथेच अडकली. शिडाचं कापड अंथरलं आणि सगळ्या सुतारांना पाठ करून उभं केलं.” सुतार म्हणताच म्हातारा सावरून बसला. “ते बंद घर. तिथलं नाही वाचलं. आई वाचली. दर वर्षी त्या तारखेला भेटायला येते, आम्ही काही बोलत नाही.”

डबा उघडणाऱ्याने झाकण हळूच परत लावलं. दोरीवर कपडे वाळत घातलेल्या प्रत्येक गॅलरीकडे आता अख्खी बोट माना वळवून बघत होती. इंजिनाचा आवाज बसला. कप्तानाने वेग निम्म्यावर आणला होता. त्याच्या दोन्ही मुली या बाईच्या हातच्या, हे त्याने भोंग्याला तेव्हाच, नदीवरून नजर न काढता सांगितलं.

पिवळं घर आता अगदी शेजारून चाललं होतं.

“त्या खिडकीत वाट बघणारं माणूस होतं, एवढं खरं आहे. ते हे.” तिने नवऱ्याकडे बोट केलं. “मी कधी येईन त्याचा नेम नसायचा. पस्तीस वर्षं हा माणूस माझ्याआधी जेवला नाही.”

म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. वाऱ्याने यंत्र शिट्ट्या मारायला लागलं म्हणून त्याने ते नुकतंच बंद केलं होतं. “काय म्हणाली?” त्याने मागे वळून विचारलं. मग अकरा नद्यांच्या गृहस्थांनी त्याच्या कानाशी वाकून, शब्द न शब्द, सगळ्या बोटीला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा सांगितलं. म्हातारा ऐकत राहिला. मग भोंग्याला म्हणाला, “हे सांगायचं रोज. सातही वेळा.”

चौथा पूल कधी गेला कळलं नाही. घड्याळ आलं आणि गेलं. ठेवणीतला विनोद तसाच राहिला, आणि कुणाचं काही अडलं नाही.

धक्क्यावर उतरताना भोंग्याने पत्राचं हळूच विचारलं. राहू दे माझ्याकडे, ती म्हणाली, पुन्हा कुणाला सुताराच्या गळ्यात बांधायला लागलास तर लागेल. आणि बुधवारी सकाळी वही घेऊन ये, पलीकडच्या काठाचं अजून काहीच सांगितलं नाही.

आता भोंग्याच्या दोन वह्या भरल्या आहेत आणि चार मिनिटं कुठेच पुरत नाहीत. वळणावर कप्तान आपणहून वेग कमी करतो, त्यामुळे प्रत्येक फेरी सहा-सात मिनिटं उशिरा लागते. धक्क्यावरचा कारकून रोज उशिराचं कारण विचारतो. ऐन उन्हाळा आहे, काठाची अगदी तळातली पायरी कोरडी पडली आहे, आणि कप्तान त्याच्याकडे सरळ बघत सांगतो, की नदीला पाणी फार चढलंय. कारकून तसं लिहून घेतो. भोंग्याला आता खोटं बोलायची मनाई आहे, म्हणून तो तेवढ्यापुरता खाली वाकतो आणि माइकची वायर गुंडाळत बसतो.