आत्याचे आंबलेले दात

आत्याने मान हलवली की माल बाहेर पडायचा आणि नाक मुरडलं की अख्खी टाकी परत. लिंबाचं थंड पेय बाटल्यांत भरणाऱ्या कारखान्यात ती सव्वीस वर्षं चव बघत होती. पाठीमागे सगळे तिला चवबाई म्हणत. तोंडावर म्हणायची छाती फक्त माझी, कारण मी तिचा सख्खा भाचा आणि त्याच कारखान्याचा विक्रेता.

दिवसाला चाळीस पेले. प्रत्येक घोट डोळे मिटून तोंडभर घोळवायची आणि गिळायची. थुंकायला शेजारीच बेसिन होतं, त्यात तिने झाडाची कुंडी ठेवलेली. "मालकांचा माल थुंकू?" असं ती विचारायची. वर कहर म्हणजे दर चार पेल्यांनंतर कडक ब्रशने दात खसाखसा घासायची. घरी आम्हा पोरांनाही तीच शिक्षा होती. आमचं निम्मं बालपण फेसात गेलं.

गेल्या वर्षी विक्री बसली. दुकानदार म्हणायचे, "तुमच्या पेयात आता दम नाही हो." मी हे मालकांना सांगितलं, तर त्यांनी मलाच फैलावर घेतलं. "बाईंनी पास केलेला माल आहे! दम तुमच्यात नाही." पुढचे कित्येक महिने दर सोमवारी माझी अशीच बिनपाण्याने होत होती.

त्याच सुमारास आत्या घरी चहा पार निववून प्यायला लागली. एकदा साध्या पाण्यालाही तिने गाल धरला, तेव्हा मी तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. वाटेत म्हणाली, "कारखान्यात अवाक्षर काढू नकोस. दात बिघडले म्हणून कळलं तर माझी खुर्ची गेलीच समज." तिचा आवाज कापला. तो कापू शकतो हेच मला माहीत नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी आत डोकावून पाहिलं. "आंबटाने दातांवरचं कवच मऊ पडतं, काकू. त्यावर लगेच ब्रश म्हणजे ओल्या रंगावर खराटा. जरा आळशी असतात तर दात टिकले असते. यापुढे घोट थुंकायचा, साध्या पाण्याने चूळ भरायची आणि तासभर ब्रशला शिवायचं नाही. झिजलेले दात मी झाकून देते. कळ थांबेल."

"थांबेल?" आत्या खुर्चीत ताडकन उठून बसली. "मग मी काम कशावर करू?"

तेव्हा तिचं गुपित बाहेर आलं. घोट घेतल्यावर दात नुसते आंबले, तर माल बरोबर. आंबलेच नाहीत, तर फिका. कळ मस्तकात गेली, तर लिंबू जास्त, कमी करा! बाई जिभेने नाही, दातांनी चव घेत होती. दात झिजत गेले, कळ वाढत गेली, आणि तसतसं ती टाकीतलं लिंबू कमी करायला लावत गेली.

दात झाकून झाले. कामावर गेल्या गेल्या तिने गेल्या वर्षभरातल्या मालाच्या नमुना बाटल्या काढल्या. प्रत्येकीवर तिचीच सही. एक घोट, दुसरा, पाचवा, आता फक्त जिभेने. "हे पेय आहे?" ती किंचाळली. "हे तर बाटली विसळलेलं पाणी!"

मी हळूच म्हटलं, "आत्या, गुपचूप लिंबू वाढव. कोणाला पत्ता लागणार नाही."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो. मग माझा दंड धरून ती थेट मालकांच्या खोलीत शिरली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. दातांचं, ब्रशचं, लिंबाचं. काहीही हातचं राखलं नाही.

"वर्षभर या पोराला जे बोललात, ते माझ्या वाटचं होतं," ती म्हणाली. "आता मला बोला. मी ऐकायला उभी आहे."

आत्या पदराचं टोक मुठीत आवळून उभी होती. मालकांनी विचारलं, "बाई, आजची टाकी कशी आहे?"

"फिकी," आत्या म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.