खिल्लारेबाईंची परिषद आणि साखऱ्याची बस

खिल्लारेबाई पाहुण्यांना बोलावताना दोन गोष्टी बजावत: विषय काय, आणि यायचं कसं. पाण्यावर परिषद असली की प्रत्येक पाहुण्यानं गावच्या हापशावरून घागर भरून मांडवापर्यंत आणायची. नव्वदच्या दशकात त्या विद्यापीठाच्या लोकधोरण संस्थेच्या संचालक होत्या आणि मी तिथला घाबरट व्याख्याता. "धोरण कागदावर गुळगुळीत दिसतंय, सर. खड्डे अंगालाच कळतेत," असं म्हणून त्या वार्षिक परिषद विद्यापीठाबाहेर काढत.

त्या वर्षी साखरा या गावाची पाळी आली. तिथल्या मुली सातवीनंतर घरी बसत, कारण पुढची शाळा सेनगावात आणि सकाळी बस नाही. बाईंनी ठरवलंच होतं, "जूनमधी पोरी बसमधी दिसल्या पाहिजेत." प्रमुख पाहुणे अर्थातच एसटीचे आगारप्रमुख!

"माझी सरकारी गाडी आहे ना, मॅडम," साहेब फोनवर म्हणाले.

"ती सेनगावातच ठेवा. पुढं लोक येतेत तसं या."

फोन ठेवल्यावर मी कुजबुजलो, "बाई, साहेब चिडले तर?"

"चिडू द्या की. चिडलेलं माणूस विसरत न्हाई."

परिषदेच्या सकाळी मांडव भरला आणि धुरळा उडवत काळीपिवळी जीप आली. आत माणसं, टपावर माणसं आणि मागच्या दांडीला लटकलेले आमचे प्रमुख पाहुणे! मिशा धुळीनं पांढऱ्या, एक पाय फळीवर, दुसरा कुण्या आजोबांच्या पायावर. मला हसू आवरेना, म्हणून मी उगाच सतरंजी झटकायला घेतली.

हार नाही, प्रास्ताविक नाही. बाईंनी थेट माईक पुढं केला. "सांगा साहेब, प्रवास कसा झाला?"

साहेब भडकलेच. "कसा म्हणजे? दोनदा हात सुटला माझा! ही काय माणसं न्यायची रीत आहे?"

गावात शिवणकाम करणारे शब्बीरभाई उठले. सातवी झालेली त्यांची मुलगी नसरीन शेजारीच बसली होती. "बराबर बोलले साहेब. तुमी बाप्या मानूस, लटकून आले. आता माझ्या पोरीला कुठं लटकवू, तेवढं सांगा."

साहेबांनी मिशांवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "जूनपासून सकाळची गाडी सुरू."

आणि जूनमध्ये ती खरंच आली. नारळ फुटला, पोरी खिडकीसाठी भांडल्या, साहेब नवरदेवासारखे फुलले. बाई मात्र टाळ्या थांबायची वाट पाहत होत्या.

"साहेब, शाळा सुटल्यावर पोरी येणार कशानं?"

"दुपारची बस आहे की."

"ती शाळा सुटायच्या आधीच निघते." बाई माझ्याकडे वळल्या. "सर, पुढच्या परिषदेचा विषय ठरला. प्रमुख पाहुणे हेच."

साहेबांनी भर गर्दीत हात जोडले. "बाई, परिषद नका घेऊ. संध्याकाळची गाडी आजपासूनच सोडतो!"