गोऱ्यासारखंच ना?

मी इंग्रजीचा मास्तर. उदगीरच्या शाळेत जन्मभर पोरांना इंग्रजी शिकवलं. त्यातल्या निम्म्यांना अजून धड अर्ज लिहिता येत नाही, आणि खरं सांगू का, त्याचं मला फार काही वाटतही नाही. पण एका माणसाला मी इंग्रजीचं एक पान जाणूनबुजून खोटं वाचून दाखवलं. ते पान काही केल्या डोक्यातून जात नाही.

तो माणूस आमच्या गल्लीतला, माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्यांच्या घरचा लग्नाचा बँड होता. आजा क्लॅरनेट वाजवायचा, बाप ट्रंपेट, आणि हा भोंग्यांच्या गाडीमागं माइक धरून गायचा. आवाज असा खरखरीत की गल्लीतल्या बायका म्हणायच्या, ह्याच्या गळ्यात वाळू हाय. पण वरातीत त्यानं सूर लावला की म्हातारीकोतारीसुद्धा ओट्यावर यायची.

आम्ही बारावीला असताना त्याच्या मामूनं दुबईहून टेपरेकॉर्डर आणला. आत कुणाची तरी कॅसेट राहून गेली होती. ती ऐकून हा पळतच माझ्याकडं आला. "अरे, ह्याच्याबी गळ्यात वाळू हाय! वाच की ह्यावर काय लिहिलंय." कॅसेटच्या डबीत घडी घातलेला कागद होता, मुंगीएवढी अक्षरं. मी डिक्शनरी घेऊन बसलो. गाणारा स्कॉटलंडचा. बाप जहाजाच्या कारखान्यात वेल्डर, तोही दोन वर्षं तिथंच वेल्डिंग करत होता, आणि संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात गिटार घेऊन गायचा. गाणी स्वतःच लिहायचा.

"स्कॉटलंड कुठं आलं?"

"इंग्लंडच्या डोक्यावर. पण जो तो त्यांना इंग्लंडचेच म्हणतो."

"मंजे आपल्यावानीच की. आपल्यालाबी पुण्यात कुणी इचारलं तर लातूरजवळ म्हणूनच सांगावं लागतंय."

त्या दिवसापासून तो मला मास्तर म्हणायला लागला, आणि त्या गायकाला गोरा. गोरा स्वतःची गाणी लिहितो हे मात्र त्याच्या काळजात जाऊन बसलं. त्यानं दोनशेपानी वही आणली आणि आपली गाणी लिहू लागला, अर्धी मराठी, अर्धी दखनी. पण वरातीत असलं कोण गाऊ देतंय? नवरदेवाच्या दोस्तांना सिनेमातलंच लागायचं. वहीतलं गाणं तो फक्त मला म्हणून दाखवायचा, तेही शाळेमागच्या बांधावर. मी ऐकून घ्यायचो आणि म्हणायचो, "यमक जरा लंगडतंय." काय तोंड होतं माझं! चांगलं आहे म्हणायला काय जात होतं?

नांदेडला वरात असली की तिथल्या कॅसेटच्या दुकानातून तो गोऱ्याचं काही मिळालं तर घेऊन यायचा. गोऱ्याचं एक गाणं लई गाजलं. मग त्याचा तिकडचा बँड फुटला, साथीदार एकमेकांचं तोंड बघेनात. गोरा एकटा गायला लागला आणि पुढं त्याच्या कॅसेटा येणंच बंद झालं. इकडं डीजे आला. वराती भिंतीएवढ्या डब्यांपुढं नाचायला लागल्या, आणि ह्यांच्या बँडला महिनोन्‌महिने सुपारी येईना. तेवढ्यात माझ्या हातात मोबाइल आला. मी गोऱ्याचं शोधून शोधून वाचायचो, ह्याला सांगायचो. गोरा पीत होता. बायको सोडून गेली. गावोगावी वीस-पंचवीस माणसांपुढं गात होता. हा मन लावून ऐकायचा आणि म्हणायचा, "बघ, त्यालाबी गिऱ्हाईक न्हाई. पण गाणं सोडलं का त्यानं?"

मग एकदा वाचलं की गोऱ्याच्या घशात गाठ झाली, ऑपरेशन झालं, वर्षभर त्याला बोलायचीही बंदी होती. आणि त्यानंतर तो परत उभा राहिला. आवाज खाली उतरला होता, पण गात होता. त्या दिवशी ह्यानं अख्ख्या बँडला चहा पाजला. "गोरा उठला रे!" म्हणून दारात नाचला. भाभी, म्हणजे त्याची बायको, मला म्हणाली, "तुमीच येडं केलंय ह्यांना."

ह्याचाच आवाज बसायला लागला तेव्हा आम्हाला कळलंच नाही. वाळू तर जन्माची होती. घास गिळताना दुखायला लागलं तेव्हा लातूरला नेलं. मी रिटायर होऊन लातुरात मुलाकडं राहत होतो, म्हणून सगळी धावपळ माझ्याकडंच. डॉक्टरांनी मला आणि भाभीला बाजूला घेऊन सांगितलं की स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. श्वासाला गळ्यात भोक राहील. जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशन उद्या सकाळीच, तेव्हा हे त्यांना आजच नीट समजावून सांगा, सही त्यांचीच पाहिजे.

भाभी भिंतीला टेकून खालीच बसली. "भाईसाब, त्यांना कळलं तर ते सही न्हाई करायचे. मला ते पायजेत. मुके का असंनात." मलाही तो पाहिजेच होता.

संध्याकाळी नर्स फॉर्म घेऊन आली. दोन पानं, सगळं इंग्रजीत. त्यानं तो सरळ माझ्याकडं सरकवला, डबीतला कागद सरकवायचा तसाच. "वाच, मास्तर."

मी वाचलं. तिथं स्पष्ट लिहिलं होतं की नैसर्गिक आवाज परत येणार नाही. त्या ओळीवर बोट ठेवून मी म्हणालो, "गाठ काढणार, असं लिहिलंय. थोडे दिवस बोलायचं नाही."

"गोऱ्यासारखंच ना?"

"हाव. गोऱ्यासारखंच."

त्यानं सही केली. उर्दूत, ऐटीत. वर मला म्हणतो, "वर्षभरानं वहीतलंच गातो बघ. कुणाच्या बापाला भीत न्हाई."

तेवढ्यात खालच्या रस्त्यानं वरात आली. डीजे नाही, खरा बँड. दुरूनच ट्रंपेट ऐकून हा उठून बसला. पण बँडवाल्यांचा एक रिवाज आहे, दवाखाना आला की वाजवणं बंद. ह्यानं स्वतः तो उभा जन्म पाळला होता. त्या लोकांनीही आमच्या फाटकापाशी वाद्यं खाली घेतली आणि मुकाट चालू लागले. हा खिडकीशी गेला, गज धरले आणि ओरडला, "वाजवा की रे! बंद कशाला केलं? वाजवा!"

दोघातिघांनी वर बघितलं. एकानं हात जोडले. वाजवलं कुणीच नाही.

मी त्याला धरून कॉटवर आणला आणि चक्क रागावलो. "येडा का खुळा तू? ओरडू नको. आता एक अक्षर बोलू नको, आवाज जपून ठेव." त्यानं शहाण्या पोरासारखं ओठांवर बोट ठेवलं.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी त्यानं नातीच्या पाटीवर लिहिलं, "गोऱ्याचं काय काढलं होतं?"

मी म्हणालो, "गाठ. बारकी."

त्यानं पाटी पुसली. पुढं तीन वर्षं हा विषय त्यानं काढला नाही. मी उदगीरला गेलो की कॉटवर सरकून मला जागा द्यायचा, भाभी चहा करायची, आणि आम्ही बसून राहायचो.

गेल्या महिन्यात गोऱ्याची नवी गाणी आली. म्हातारा झालाय, म्हणतो ही शेवटची. मी एसटीनं मोबाइल घेऊन गेलो. वायरचं एक टोक त्याच्या कानात घातलं, एक माझ्या. सगळी गाणी ऐकून झाल्यावर तो उठला, ट्रंकेतून दवाखान्याची फाइल काढली, आणि तोच फॉर्म माझ्यापुढं ठेवला. पाटीवर लिहिलं, "वाच. खरं."

मी चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, एक शब्द न गाळता, मराठीत वाचून दाखवलं. आवाज परत येणार नाही ह्या ओळीला मला हुंदका आला. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला, मी थांबलो तसा बोटानं पुढची ओळ दाखवली. वाचून संपल्यावर म्हणालो, "चुकलो रे मी. माफ कर."

त्यानं बराच वेळ लिहिलं. बारीक अक्षरात पाटी भरली.

"खरं सांगितलं असतं तरी सही केली असती. नातीचं लगीन बघायचं होतं. पण मास्तर, ती अख्खी सांज माझ्याकडं होती. वही उशाला होती. मी रात्रभर गायलो असतो. तू म्हणाला आवाज जपून ठेव, म्हणून सकाळपर्यंत जपला."