काकांना पाईप पसंत पडेना

पाईपच्या दुकानाचं एक बरं असतं. पाईप गिऱ्हाइकाच्या घरी जातो, किस्सा मात्र दुकानातच राहतो! मालेगावात, म्हणजे आमच्या वाशीमवाल्या मालेगावात, बसस्टँडजवळ माझं दुकान आहे. बसायला बाकडं, समोर चहाची टपरी. मग किश्शांना काय तोटा? त्यातले निम्मे तर एकट्या किसनकाकांच्या कृपेने जमलेत.

काका जवळच्याच खेड्यातले भाजीपालेवाले. माणूस मनाने सोनं, पण काही निवडायचं म्हटलं की जीव जातो. त्यांचा नाही, दुकानदाराचा! त्यांच्या पोरासाठी, सुभाषसाठी, इंझोरीची वैशाली पाहिली. चहा ठेवता ठेवता पोरीने भर बैठकीत सांगितलं, "माह्या मायची कंबर पाणी भरू भरू गेली. शेतातलं सारं काम करीन, पण पाणी आणाले बाहेर जाणार नाई. सैपाकघरात नळ पाह्यजे. नाई तं दुसरी पोरगी पाहा!"

काकांनी तिथल्या तिथे शब्द दिला. लग्न दिवाळीआधीचं ठरलं, आणि दुसऱ्या दिवशी काका पाईप निवडायला माझ्या बाकड्यावर हजर.

*

बैल घ्यावा तसा काकांनी पांढरा प्लॅस्टिकचा पाईप बघितला. थापटला, वास घेतला, एका टोकाला डोळा लावून रस्त्यापलीकडची टपरी पाहिली. मग आडवा टाकून दोन्ही पायांनी त्याच्यावर उभे राहिले. पाईप वाकला.

"कच्चा हाय!" काकांनी निकाल दिला.

मी म्हटलं, "काका, याच्यातून पाणी जाणार आहे, तुमी नाई!"

*

मग काकांचा लोखंडावर जीव जडला. तेवढ्यात एक रिटायर गुरुजी दुकानात टपकले. त्यांच्या घरी जुना लोखंडी पाईप, नळाला पाणी काडीएवढं आणि रंगाने लाल. आमचे शालिग्राम मिस्त्री पाईपचा तुकडा कापून घेऊन आले. आतून गंज आणि बोअरच्या पाण्याचा क्षार असा जमला होता, की मधे जेमतेम पेन्सिल जाईल!

मी म्हटलं, "गुरुजी, सगळाच बदलून टाका."

गुरुजी पुढे वाकून हळूच म्हणाले, "राहू द्या हो. डॉक्टरनं आमच्या हिच्यात लोह कमी सांगितलं आहे!"

काकांनी लोखंडाला लांबूनच नमस्कार केला.

*

मी काकांना समजावलं. थंड पाण्याला साधा पांढरा पाईप पुरतो, गरम पाणी न्यायचं असेल तर हा पिवळसर सीपीव्हीसी घ्यायचा. विषय संपला! पण काकांनी मिस्त्रींना विचारलं आणि तिथे घोळ झाला. मिस्त्रींनी एका बंगल्यावर सोलरच्या गरम पाण्याला हाच पांढरा पाईप जोडला होता. दोन दिवसांत तो गच्चीवरून असा लोंबायला लागला, की मालकाला वाटलं बायकोने शेवया वाळत घातल्या.

मालक भांडायला आला तर मिस्त्री शांतपणे म्हणतात, "गरमीनं जरा ढिला पडला बाप्पा. थंडीत होते सिधा!"

काका घाबरले. मी विचारलं, "काका, तुमच्या घरी सोलर आहे का?"

"नाई. पण उद्या सूनबाईनं मांगतला तं?"

"मग पिवळसर न्या."

"थ्याचा रंग मले आजारी वाटते!"

*

पुढच्या आठवड्यात काकांनी स्वतःच तोडगा आणला. त्यांच्या साडूने शेतातली उरलेली ठिबकची नळी भिंतीत गाडून घरभर नळ केले होते. काका म्हणाले, "आपणबी तेच करू!"

मी कपाळावर हात मारला. ठिबकच्या नळीला हाता-हातावर भोकं! तेवढ्यात त्या साडूचाच फोन आला. काकांनी स्पीकर लावला.

"भाऊजी, नळाले थेंब नाई, पण भित बराबर ओली होऊन राह्यली. सैपाकघरात ओट्याच्या वर मेथी उगवली!"

"मंग आता?" काकांनी विचारलं.

"आता काय? दुकानवाल्याले इचारा, भितीले युरिया चालते का!"

*

असं करता करता हळदीचा दिवस उजाडला आणि काकांचा पाईप ठरलेलाच नव्हता. इंझोरीकडून निरोप आला, "नळ झाला का?" काकांनी मग गोठ्यात पडलेला स्प्रिंकलरचा संच काढला. आमच्याकडे हरभऱ्याला पाणी देतात ते जाडे काळे पाईप, क्लिप लावली की जोडले जातात. काकांनी ते घरामागच्या शेतातल्या विहिरीपासून जोडत आणले, खिडकीतून स्वयंपाकघरात घुसवले आणि टोकाला बूच मारून नळ बसवला.

व्याह्यांनी खात्री करायला नळ उघडला. शेतातल्या मोटारीचा जोर तो! हातातलं पातेलं थेट देवघरात गेलं.

"पाणी हाय!" व्याही चिंब होऊन म्हणाले. लग्न लागलं.

*

दिवाळी झाली, हरभरा पेरला, पाण्याची वेळ आली. वैशाली सकाळी झाडून घरात येते तर खिडकीत नुसतं आभाळ!

"मामाजी, नळ कोठी गेला?"

"हरभऱ्यात गेला वो माय. दाणे भरले का येते वापस."

पोरीने शेगडी उचलली, पिठाचा डबा उचलला आणि शेतात निघाली. बापलेकांनी शेवटच्या पाईपाचा नळ काढायचा कंटाळा केला होता. त्या नळाशेजारी तिने शेगडी मांडली. दुपारी घरात सगळे ताटं घेऊन बसले आणि स्वयंपाक शेतात! काका बोलवायला गेले.

"जथी नळ, तथी सैपाक," ती म्हणाली, "बसा जेवाले."

काका भुकेले, तिथेच बसले. वर स्प्रिंकलर फिरत होता. दर फेरीला ताटातलं वरण वाढत होतं!

तीन दिवस घर असं हरभऱ्यात जेवलं. चौथ्या दिवशी काकांचा मला फोन, "सारे नमुने घेऊन ये. सून आयकून नाई राह्यली, आता तं सासूबी तिच्याच संग शेतात जाऊन बसली!" सगळ्या पाईपांचे तुकडे गाडीला बांधून मी गेलो. मला वाटलं, आता तरी हा माणूस झटकन निवडेल. काका ओट्यावर बसून एकेकाचा वास घेऊ लागले!

"काका, जल्दी करा ना!"

"थांब ना बे, जनमभराचा प्रश्न हाय."

तेवढ्यात गल्लीत गलका झाला. बांधावरून सासू-सून येत होत्या. स्प्रिंकलरचा एक लांबलचक काळा पाईप दोघींनी चुंबळीवर घेतलेला. पुढे वैशाली, मागे काकू, आणि पुढच्या टोकाला नळ डुलतोय! सुभाष मागून दुसरा पाईप ओढत येत होता.

काका ओरडले, "अवो, हरभरा वाळते ना!"

शेजारीण दारात आली. "काय आणलं वो काकू डोक्शावर?"

काकू थांबल्या. पदराने तोंड पुसलं, आधी ओट्यावर नाकाला पाईप लावून बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, मग शेजारणीकडे.

"सारा जनम पाणी आणलं बाई," काकू म्हणाल्या, "आज नळच घेऊन आली!"