कल मागे

एप्रिलमध्ये मुलीचा फोन आला. "बाबा, संडे को एसी वाला आ रहा है. कूलर कबाड़ी को दे देंगे."

मी तिच्याशी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते. तिच्या लहानपणापासून आमचं असंच चाललं आहे. मी म्हणालो, "जरा थांब. कूलर मी लावतो. रविवारपर्यंत चालला नाही तर ने."

 ती म्हणाली, "आप?"

तिचं बरोबर होतं. घरातली यंत्रं माझी पत्नी बघायची. ती इथे, उत्तरेतल्या या शहरात, एका संशोधन संस्थेत होती आणि सुट्टीच्या दिवशी हातात पाना असला की खूश असायची. मी विद्यापीठात शिकवायचो. दुरुस्तीच्या वेळी माझ्याकडे टॉर्च धरण्याचं काम असे, आणि तेही मला जमत नाही अशी तिची तक्रार होती. "उजेड पंपावर पाड, माझ्या कपाळावर नको." डिसेंबरमध्ये तिच्या हृदयाचं दुखणं आम्हाला कळलं. जानेवारीत ती गेली.

कूलर मला का हवा होता, ते मुलीला सांगितलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये तो धुऊन झाकून ठेवायच्या दिवशी पत्नीने मला बाल्कनीतून हाक मारली होती. "टाकी एकटीने उचलवत नाही आता. जरा हात लाव." मी एका प्रबंधाचा अहवाल लिहीत होतो. "कल," मी म्हणालो. इतक्या वर्षांत 'उद्या' हा शब्द आमच्या बोलण्यातून निघूनच गेला होता. संध्याकाळी पाहिलं, तर कूलर झाकून झाला होता. ती आत पाय वर घेऊन बसली होती.  मी काही विचारलं नाही.

या वर्षी तरी तो माझ्या हातून लागावा, एवढंच मला हवं होतं.

पंप फिरत नव्हता. तो पिशवीत घालून मी निशातगंजला तिच्या नेहमीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने तो उलटासुलटा करून पाहिला. "पंप तो बिल्कुल ठीक है, अंकल. जाली में चूना जम गया है. रात भर सिरके में डाल दीजिए." मग हसून म्हणाला, "मैडम को दे देते, उनको सब मालूम है." मी "जी" म्हणालो आणि पंप परत पिशवीत टाकला.

व्हिनेगरने पंप सुटला. तिन्ही जाळ्यांतलं जुनं गवत काढून नवं भरलं, बोटांना काट्यांसारखं टोचत होतं. एक वायर उलटसुलट जोडून पाहण्यात अख्खी दुपार गेली. मग लक्षात आलं की बाल्कनीतला लोखंडी स्टँडच वाकडा उभा आहे. कूलर खिडकीपासून दोन बोटं बाहेरच्या बाजूला झुकला होता. मी मागच्या पायांखाली लाकडाच्या चकत्या सारल्या, वर पाण्याचा पेला ठेवून पाहिला. पाणी अगदी सपाट दिसलं. तिच्या नजरेतून सुटलेली एक चूक मला सापडली, याचा मला, खरं सांगायचं तर, आनंद झाला.

रविवारी सकाळी मुलगी गोमती नगरहून आली. मी बटण दाबलं. वारा आला, ओल्या गवताचा वास आला. ती पंख्यासमोर जाऊन उभी राहिली. दहा मिनिटांनी खिडकीच्या चौकटीवरून पाण्याची धार आत आली आणि भिंतीवरून पुस्तकांच्या खालच्या कप्प्यात उतरली. तिने धावत जाऊन कूलर बंद केला. भिजलेली पुस्तकं आम्ही खाटेवर उघडी टाकली.

"रहने दीजिए, बाबा. वो बारह बजे आ ही रहा है."

तरीही मी मागची जाळी उतरवली आणि टॉर्च आत धरला. गवत भरताना अंधारात मला न दिसलेले दोन शब्द पत्र्यावर काळ्या मार्करने लिहिले होते. कल मागे.

मुलीने माझ्या खांद्यावरून वाचलं. "कल माँगे? आई ने किससे क्या माँगा?"

मी स्टुलावर बसलो. मला वाटलं, मला कळलं आहे. कल हा माझा शब्द होता. तिने मदत मागितली, मी कल म्हणालो, आणि तिने ते इथे लिहून ठेवलं. ऑक्टोबरची ती गोष्ट मी मुलीला सांगितली. 

"आई को ताना मारना होता तो मुँह पर मारतीं," ती म्हणाली. "कूलर के अंदर घुस के नहीं."

ती फडकं घेऊन बाल्कनीतलं पाणी सारू लागली. पाणी आपोआप कोपऱ्यातल्या भोकाकडे जात होतं. ते बघताना मला ही फरशी बसवणारा मिस्त्री आठवला. फरशीचा उतार चुकला होता, आणि पत्नी त्याला बजावत होती, "भैया, इसका कल ठीक नहीं है." तो हत्यारं आवरत म्हणाला, "कल ठीक नहीं है तो परसों आ जाएँगे, मैडम." आणि खरंच गेला. मग तिने मला विचारलं होतं, "कलाला हिंदीत काय म्हणतात?" मी सांगितलं होतं, ढाल. तो परत आला, तेव्हा तिने उतार नीट करून घेतला.

कल मागे. उतार मागच्या बाजूला. मी आयुष्यभर मराठी वाचत आलो, आणि ते दोन शब्द हिंदीत वाचले.

मी चकत्या काढल्या. कूलर पुन्हा दोन बोटं मागे झुकला. अर्धा तास चालवला, आत थेंब आला नाही.

बाराला एसीवाल्याचा फोन आला. "आज रहने दीजिए, भैया," मुलगी म्हणाली. त्याने कधी येऊ असं विचारलं असावं. तिने माझ्याकडे पाहिलं. "बता देंगे."

फोन ठेवून ती पुन्हा जाळीपाशी आली. "पर आई को तो पता था. फिर लिखा किसके लिए?"

मी टॉर्च पुन्हा पत्र्यावर धरला. अक्षरं मोठी होती. चष्म्याशिवाय मला वाचता यावं म्हणून ती माझ्या औषधांच्या डब्यांवर लिहायची, तेवढी. पत्रा घासून स्वच्छ केल्यावर ती लिहिली होती, कारण घासल्याच्या रेघा अक्षरांच्या खाली होत्या. म्हणजे ऑक्टोबर. टाकी एकटीने उचलल्यानंतर, आत येऊन पाय वर घेऊन बसण्याआधी. दुखणं डिसेंबरमध्ये आम्हाला कळलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो आहे. कळलं ते मला; तिला आधीच ठाऊक असावं.

"बाबा, टॉर्च," मुलगी म्हणाली. तो अजून चालूच होता.