मायाचा दम

ललिता इंगळे मूर्तिजापूर आगारात कंडक्टर होती. अकोला-अमरावतीच्या फेऱ्या मारून ती घरी यायची तेव्हा तिचे पाय सुजलेले असायचे. त्यात तिची तेरा वर्षांची पोर माया सायकलवरून पडली. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं आणि ती खाटेला खिळली.

एका सकाळी ललिता तिची वेणी घालून देत होती. माया एकदम छाती धरून वाकली.

"माय, मले दमच घेता नाही येऊन राह्यला!"

गल्लीतल्या डॉक्टरांनी पोर घाबरली म्हणून गोळी दिली. पण तिचे ओठ काळेनिळे पडलेले पाहून ललिताने थेट अकोल्याचं हॉस्पिटल गाठलं. तिथे डॉ. ज्योत्स्ना म्हणाल्या, "पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. ती सुटून फुप्फुसात अडकली."

"एवढ्याशा पोरीले? हे तं म्हाताऱ्या मानसाचं दुखणं व्हय ना!"

"मुलांना क्वचितच होतं. म्हणून तर पटकन कोणाच्या लक्षात येत नाही."

माया वाचली. शेजारीपाजारी पेढे मागू लागले. ललिताही हसली, पण दुखणं संपलं नव्हतं. रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. त्यातच मायाला पहिली पाळी आली आणि रक्त थांबेचना. पुन्हा अकोला, पुन्हा सुया. गोळीचं प्रमाण बदललं. काही महिन्यांनी तपासणीत कळलं, की गाठ पुरती विरघळलीच नाही. हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतोय. पुढे कदाचित मोठं ऑपरेशन करावं लागेल.

"आता तं बरी हाय ना पोरगी?" बसमध्ये ओळखीचं कोणी विचारायचं. समजावून सांगायचं त्राण नसायचं. "हाय," म्हणून ललिता तिकीट फाडायची.

मायाची शाळा पुन्हा सुरू झाली त्या दिवसाची ललिताने रजा मागितली, मिळाली नाही.

"तू जाय ड्युटीवर," माया म्हणाली. "सुभद्रा हाय माह्या संगं. हळूहळू जातो आमी."

बस शाळेच्या रस्त्यावरच्या थांब्याला थांबली तेव्हा ललिताला दोघी दिसल्या. माया पुलाच्या कठड्यावर दम खात बसली होती, मैत्रीण सुभद्रा तिचं दप्तर धरून उभी. मायाने हात हलवला. उतरावं असं ललिताला फार वाटलं. मागून कोणीतरी ओरडलं, "बाई, चाला ना!"

तिने घंटी मारली.