आजीचं नाव शोधायला पैसे भरावेत का?

मंडळी, अम्मी गेल्यापासून लोणावळ्याच्या घरात मी एकटीच असते. करमेना म्हणून एका वेबसाइटवर आमचा वंशवृक्ष भरायला घेतला. अम्मी-अब्बांच्या वर सगळं रिकामं. आता पुढे शोधायचं तर वर्षाचे पैसे भरा, असा मेसेज आला.

भरण्याआधी आज अब्बांच्या गावी, आंदर मावळात जाऊन आले. आमचं तिथं कुणीच उरलेलं नाही. एका ओसरीवर म्हाताऱ्या मावशी बसल्या होत्या. त्यांना अब्बांचं नाव सांगितलं.

"रशीदची लेक व्हय तू? तुज्या आजीसंगं आमी भात लावायचो. लय हसायची ती."

"आजीचं नाव काय होतं, मावशी?"

त्या बराच वेळ आठवत राहिल्या. "न्हाई गं येत ध्यानात. समदी तिला रशीदची आईच म्हनायची."

तिच्या मैत्रिणीलाच जे आठवत नाही, ते वेबसाइटला कुठून मिळणार? मी पैसे भरले नाहीत.

निघताना मावशींनी माझा हात धरला. "परत कवा येशील?"

अम्मीनंतर हे मला कुणी विचारलंच नव्हतं. बसमध्ये रडू आवरेना.

तुमच्यापैकी कुणी असे पैसे भरलेत का? नावं सोडा, माणसं सापडली का?